वडिलांना ४८व्या वर्षी मधुमेह, आईला ७१व्या वर्षी: माझ्या वाट्याला काय येणार?

प्रश्न थोडक्यात असा: विचारणाऱ्याचं वय ४४, वजन बेताचं, पोट मात्र जरा सुटलेलं. वडिलांना ४८व्या वर्षी मधुमेह निघाला, आईला ७१व्या वर्षी. पाच वर्षांपूर्वी स्वतःची उपाशीपोटीची साखर ९४ होती, यंदा १०४ आली आणि एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारा आकडा, ५.८. हे वयामुळे की जनुकांमुळे? जनुकांतच असेल तर धडपड करून काय उपयोग? आणि जनुकांची तपासणी करून घ्यावी का?

तुमच्या रिपोर्टइतकेच मला ४८ आणि ७१ हे दोन आकडे महत्त्वाचे वाटतात. "घरात कोणाला शुगर आहे का?" हे सगळेच विचारतात, "कितव्या वर्षी निघाली?" हे विचारायचं राहून जातं. फिनलंडमधल्या बोटनिया अभ्यासात शेकडो कुटुंबांची पाहणी झाली. ३५ ते ६० या वयात सुरू झालेल्या टाइप २ मधुमेहात आनुवंशिकतेचा वाटा ०.६९ निघाला. ७५ वर्षांपर्यंत सुरू झालेले रुग्ण त्यात मिळवले तेव्हा तो ०.३१ वर उतरला. लोकालोकांत जो फरक दिसतो त्यातला किती भाग जनुकांतल्या फरकाकडे जातो, एवढाच या आकड्याचा अर्थ. तुमच्या साखरेतले ६९ टक्के घराण्याचे आणि बाकीचे जेवणाचे, अशी वाटणी त्यातून करता येत नाही. पण कल स्पष्ट आहे. लवकर आलेल्या मधुमेहात घराण्याचा हात मोठा, उशिरा आलेल्यात वयाचा. म्हणून तुमच्या बाबतीत वडिलांचं ४८ मी फार गांभीर्याने घेईन आणि आईचं ७१ त्यामानाने कमी.

एका पालकाला टाइप २ मधुमेह असेल तर अपत्याला आयुष्यात कधी ना कधी तो होण्याची शक्यता साधारण ४० टक्के आणि दोघांनाही असेल तर ७० टक्क्यांच्या आसपास धरली जाते. हे आकडे घाबरवणारे आहेत, पण त्यांत जनुकांबरोबर एकाच घरातलं खाणं, बसणं, झोपणंही मिसळलेलं आहे. शिवाय "कधी ना कधी" या शब्दांत पन्नाशीही येते आणि ऐंशीही. माझ्या दृष्टीने सगळा प्रश्न तिथेच आहे. जनुकं तुमच्या साखरेचा आकडा लिहून ठेवत नाहीत. इन्सुलिन तयार करण्याची किती ताकद घेऊन तुम्ही जन्माला येता आणि ती साधारण किती वेगाने ओसरते, हे त्यांच्या हातात असतं. वय ती शिल्लक खर्च करत जातं. तळ कधी दिसू लागेल, ते तुम्ही त्या शिल्लकीवर किती भार टाकता त्यावर ठरतं.

आधी तुमच्या १०४चा हिशेब करू. निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर वयाबरोबर फार हळू वाढते, दर दहा वर्षांमागे एक-दोन मिलिग्रॅम. जेवणानंतरची त्याहून बरीच जास्त वाढते. पाच वर्षांत दहा मिलिग्रॅम ही वाढ नुसत्या वयाच्या खात्यात बसत नाही. पण एकाच माणसाची दोन दिवसांची फास्टिंग पाच-सात मिलिग्रॅमने सहज इकडेतिकडे होते. आदल्या रात्री झोप नीट झाली नाही, सर्दीताप होता, स्टेरॉइडचं औषध चालू होतं, एवढ्यानेही आकडा चढतो. तेव्हा महिन्याभरात एकदा परत तपासा. एचबीएवनसीही त्याच बाजूला झुकलेलं आहे, म्हणून ही वाढ खरी असावी असा माझा अंदाज आहे.

आता जनुकं नेमकी कुठे काम करतात ते पाहू. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत रक्तातली साखर शिरली की ग्लुकोकायनेज नावाचं एन्झाइम तिच्यावर पहिली प्रक्रिया करतं. रक्तात साखर किती आहे याचा अंदाज पेशीला याच पायरीवर येतो. मग पेशीत ऊर्जा तयार होते, ती वाहून नेणारा एटीपी हा रेणू वाढतो, त्याने पेशीच्या आवरणातल्या पोटॅशियमच्या वाहिन्या बंद होतात, आवरणावरचा विद्युतभार बदलतो, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिनने भरलेल्या बारीक पिशव्या आपला साठा रक्तात सोडतात. जवळजवळ प्रत्येक पायरीला एकेक जनुक बसलेलं आहे. ग्लुकोकायनेजचं जनुक जीसीके. पोटॅशियमच्या वाहिनीचं केसीएनजे११. त्या पिशव्यांत इन्सुलिन जस्ताबरोबर बांधलेलं असतं; ते जस्त आत नेणाऱ्या प्रथिनाचं जनुक एसएलसी३०ए८. या शेवटच्याची गंमत अशी, की त्याची एक प्रत निकामी असलेल्या लोकांना मधुमेहाचा धोका सुमारे ६५ टक्के कमी असतो, असं २०१४ साली समोर आलं. बिघाडाने नुकसान होईल अशी सगळ्यांची अपेक्षा होती, निघालं उलटंच.

या यादीतलं सगळ्यांत वजनदार नाव टीसीएफ७एल२. आइसलंडमधल्या संशोधकांनी ते २००६ साली शोधलं. जेवण आतड्यात उतरलं की आतडं इन्क्रेटिन नावाची संप्रेरकं सोडतं आणि बीटा पेशीला साखर येत असल्याचा निरोप देतं. टीसीएफ७एल२चा धोक्याचा प्रकार ज्यांच्यात असतो त्यांच्या बीटा पेशी या निरोपाला कमी प्रतिसाद देतात. एका पालकाकडून तो आला तर धोका सुमारे १.४ पट, दोघांकडून आला तर साधारण दुप्पट. आणि हे सर्वसामान्य लोकांत आढळणाऱ्या जनुकभेदांतलं सगळ्यांत प्रभावी! बाकीचे बहुतेक एकेकटे धोका पाच-दहा-वीस टक्क्यांनी हलवतात. २०२४ साली पंचवीस लाखांहून जास्त लोकांच्या माहितीवरून जनुकसंचातल्या अशा ६११ जागा नोंदल्या गेल्या. तेव्हा "मधुमेहाचं जनुक" अशी एक वस्तू टाइप २ मध्ये नाही. शेकडो बारीक कल आहेत आणि त्यांची बेरीज तुमच्या वाट्याला येते.

फास्टिंग चढवणारं जनुक आणि मधुमेह आणणारं जनुक, ही नेहमी एकच नसतात. जी६पीसी२ या जनुकाचा एक प्रकार उपाशीपोटीची साखर थोडी वर ठेवतो, पण मधुमेहाचा धोका त्याने फारसा वाढत नाही. अशा माणसाचा काटा तरुणपणापासूनच थोडा वर स्थिरावलेला असतो आणि तिथेच राहतो. मेलाटोनिन हे रात्री वाढणारं, झोपेशी जोडलेलं संप्रेरक; त्याचा निरोप पेशीत झेलणाऱ्या प्रथिनाचं जनुक एमटीएनआर१बी. त्याचा विशिष्ट प्रकार फास्टिंगही वाढवतो आणि मधुमेहाचा धोकाही. विशीपासून ज्यांची फास्टिंग १०२-१०४ अशीच येते आहे त्यांना मी फार धास्ती घालत नाही. तुमचं तसं नाही. पाच वर्षांपूर्वी तुमची ९४ होती, म्हणजे तुमचा काटा जन्मापासून वर बसलेला नाही, तो सरकलेला आहे. जुने रिपोर्ट जपून ठेवण्याचा हा फायदा, एकट्या १०४वरून मला हे सांगता आलं नसतं.

वय काय करतं? इन्सुलिनच्या सांगण्यावरून रक्तातली जी साखर पेशींत जाते, तिच्यातली जवळपास ८० टक्के स्नायू उचलतात. तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांमागे ३ ते ८ टक्क्यांनी घटतात, आणि जे उरतात त्यांच्यातल्या मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं, त्याही मंदावतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी, सडपातळ वृद्धांच्या स्नायूंतलं मायटोकॉन्ड्रियाचं काम तरुणांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळलं. स्नायूंत आणि यकृतात चरबी साचते, इन्सुलिनला ते पूर्वीसारखी दाद देत नाहीत. स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन पुरवावं लागतं, आणि नेमक्या त्याच काळात बीटा पेशींची नव्याने विभागण्याची क्षमता जवळजवळ संपलेली असते.

२००३चा तो अभ्यास करणाऱ्या संशोधकांनीच पुढच्या वर्षी मधुमेही आईवडिलांची तरुण मुलं तपासली. मुलं सडपातळ होती, मधुमेह कोणालाच नव्हता, पण इन्सुलिनला दाद न देणारी होती. त्यांच्या स्नायूंतही मायटोकॉन्ड्रियाचं काम सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघालं. म्हणजे म्हातारपणी स्नायूंत जे घडतं, ते या मुलांच्या बाबतीत विशी-तिशीतच सुरू झालेलं होतं. "मी तर जाड नाही, मग मला का?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगतो.

जनुक आणि वय एकाच जागी भेटतात असं आणखी एक ठिकाण नवव्या गुणसूत्रावर आहे, तिथली सीडीकेएन२ए आणि सीडीकेएन२बी ही दोन जनुकं. यातल्या पहिल्यापासून बनणारं पी१६ हे प्रथिन पेशीचं विभाजन रोखतं. कर्करोगापासून संरक्षण म्हणून शरीराला ते हवंच असतं. वय वाढतं तसं ते वाढतं, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत त्याच्या वाढीबरोबर बीटा पेशींची भर पडणं थांबताना दिसलं. २००७ साली टाइप २ मधुमेहाशी जोडल्या गेलेल्या जनुकभेदांत याच भागातला एक होता. उतारवयात साखर का वाढते याचं इतकं थेट जनुकीय उत्तर मला दुसरं माहीत नाही.

पण जनुक तरुणपणी लपून राहतं आणि वयाबरोबर उघडं पडतं, हे सगळ्यांत स्वच्छ दिसलं ते ग्रीनलंडमध्ये. तिथल्या इनुइट लोकांत टीबीसी१डी४ या जनुकाचा एक बिघडलेला प्रकार बराच आढळतो, हे २०१४ साली कळलं. या बिघाडाने स्नायूंत साखर आत घेणारी दारं इन्सुलिनच्या हाकेला नीट उघडत नाहीत. दोन्ही पालकांकडून तो आलेल्यांना मधुमेहाचा धोका दहापट. चाळिशी ओलांडलेल्या अशा लोकांत ६० टक्क्यांहून जास्त जणांना आणि साठीपुढच्यांत सुमारे ८० टक्क्यांना मधुमेह होता. यांची उपाशीपोटीची साखर मात्र चांगली असायची! ग्लुकोज पाजून दोन तासांनी मोजलेली साखर इतरांपेक्षा सरासरी जवळजवळ ७० मिलिग्रॅमने जास्त. नुसती फास्टिंग करून घरी पाठवलं असतं तर यांतले कित्येक निसटले असते. आणि पुढे २०२१ साली असंही दिसलं, की अंगमेहनत करणाऱ्या याच लोकांची दोन तासांची साखर खाली येते. कारण हलणारा स्नायू साखर आत घेण्यासाठी इन्सुलिनच्याच हाकेवर अवलंबून नसतो, त्याचा दुसराही मार्ग आहे. इतका जबरदस्त जनुकीय बिघाड असूनही व्यायाम उपयोगी पडतो, तर तुमच्या-आमच्या बारीकसारीक जनुकभेदांपुढे हात टेकायचं काहीच कारण नाही.

यातून तुमच्यासाठी पहिलं काम निघतं. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर मोजायची तपासणी करून घ्या. १४०च्या आत असेल तर ही तपासणी सामान्य, १४० ते १९९ असेल तर मधुमेहपूर्व अवस्था, २०० किंवा त्याहून जास्त आणि पुन्हा तपासून पक्कं झालं तर मधुमेह. घरच्या जेवणानंतरच्या पीपीवर ही तपासणी भागत नाही, कारण त्या दिवशी ताटात काय होतं त्यावर आकडा बदलतो.

आता ज्यांच्यात एकच जनुक सगळं ठरवतं अशा घराण्यांबद्दल. ती एकूण मधुमेहींत मोजकीच, साधारण शंभरात एक ते तीन, पण ओळखली गेली तर उपचार पार बदलतात. एक उदाहरण देतो. माझ्याकडे एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या. मुलीला गरोदरपणात फास्टिंग १०८ निघाली म्हणून घर हादरलेलं. आईला स्वतःला बरीच वर्षं दोन गोळ्या चालू. आईची फाइल मागवली. एचबीएवनसी दरवर्षी ६.४, ६.५, ६.४. गोळी वाढवली तरी तेच, मधे काही महिने गोळ्या सुटल्या तरी तेच. खरा टाइप २ मधुमेह इतकी वर्षं एका जागी बसून राहत नाही. तपासणीत दोघींतही जीसीकेचा बिघाड निघाला. या लोकांची साखर जन्मापासून किंचित वर असते, कारण बीटा पेशीचा मापकच थोड्या वरच्या आकड्याला जागा होतो. वयाबरोबर ती इतरांसारखीच थोडीशी सरकते, डोळे-मूत्रपिंडांना सहसा इजा होत नाही, आणि गरोदरपण सोडलं तर औषध लागत नाही. आईच्या गोळ्या बंद झाल्या. मुलीच्या बाबतीत लक्ष बाळाच्या वाढीवर ठेवलं. बाळातही तोच जनुकभेद आला असेल तर त्याला आईची साखर सोसते, आला नसेल तर बाळ जास्त वाढतं.

दुसऱ्या टोकाला एचएनएफ१ए या जनुकाचा बिघाड. इथेही बिघाड जन्मापासून असतो, पण साखर तरुणपणी चढू लागते. हा बिघाड असलेल्यांपैकी ६३ टक्क्यांना २५व्या वर्षापर्यंत, ७९ टक्क्यांना ३५व्यापर्यंत आणि ९६ टक्क्यांना ५५व्यापर्यंत मधुमेह झालेला असतो. यांना सल्फोनिलयुरिया गटाच्या गोळीचा अगदी छोटा डोस छान लागू पडतो, आणि तरीही टाइप १ समजून वर्षानुवर्षं इन्सुलिन टोचत राहिलेले लोक भेटतात. तिसरा प्रकार मायटोकॉन्ड्रियाच्या जनुकातला. तो फक्त आईकडून येतो आणि त्यात मधुमेहाबरोबर ऐकूही कमी येऊ लागतं. आईच्या बाजूला साखर आणि बहिरेपण जोडीने चालत आलेलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तुम्ही यांत बसता का? वडील ४८, आई ७१, आणि तुमचा आकडा पाच वर्षांत सरकलेला. तसं दिसत नाही. तरी वडिलांच्या बाजूचे आजोबा, काका, आत्या यांना कितव्या वर्षी निघाला ते विचारून घ्या. सलग तीन पिढ्या, पंचविशी-तिशीत, सडपातळ, असं चित्र असेल तर मग एकजनुकी मधुमेहाची तपासणी करण्यात अर्थ आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह झाला तर ती तपासणी लगेच करायची असते. केसीएनजे११च्या बिघाडाची कित्येक मुलं इन्सुलिन सोडून गोळीवर राहू शकतात.

बाजारात लाळेतली जनुकं तपासून धोका सांगणारे जे संच मिळतात, त्यांचा तुम्हाला उपयोग नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासात २००८ साली १८ जनुकभेदांचे गुण मोजून पाहिले. वय, वजन, रक्तदाब, फास्टिंग, घराण्याची माहिती एवढं हाताशी असताना त्या गुणांनी अंदाजात पडलेली भर नगण्य होती. आज शेकडो जागांचे गुण मोजता येतात आणि तरुण वयात, आकडे चढायच्या आधी, त्यांना थोडा अर्थ असू शकतो. पण त्यामागची माहिती बरीचशी युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, इतरांच्या बाबतीत ते गुण कमी बरोबर येतात. तुमचे ४८, ७१, ९४ आणि १०४ हे चार आकडे त्या संचापेक्षा जास्त सांगून जातात, आणि ते फुकट आहेत.

एचबीएवनसीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथे जनुकं साखरेला हात न लावता रिपोर्ट बदलतात. ही तपासणी लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते, म्हणून पेशी किती दिवस जगते यावर आकडा अवलंबून असतो. लाल पेशीला जपणाऱ्या जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असेल तर पेशी लवकर मरतात आणि एचबीएवनसी खोटं कमी येतं. २०१७ सालच्या मोठ्या अभ्यासात आफ्रिकी वंशाच्या लोकांतल्या अशा एका जनुकभेदाने पुरुषांत ते सुमारे ०.८ने खाली दाखवल्याचं दिसलं. साखर तीच, रिपोर्ट मात्र निर्धास्त करणारा! थॅलेसेमिया मायनर किंवा सिकल सेलचा वाहक असाल तरीही आकडा फसवू शकतो. लोहाची कमतरता असेल तर उलट, तो थोडा वर येतो. म्हणून फास्टिंग आणि एचबीएवनसी एकमेकांशी जुळत नसतील तर आधी रक्तपेशी मोजणारी साधी सीबीसी तपासणी पाहावी. तुमचे दोन्ही जुळतात, तेव्हा तुम्हाला ही शंका नको.

"मग धडपड करून काय उपयोग?" याचं उत्तर अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रामने दिलेलं आहे. २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. साखर सीमेवर असलेले ३,२३४ लोक, साधारण तीन वर्षं. आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि वजन ७ टक्क्यांनी उतरवणं, एवढ्यावर मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने ३१ टक्क्यांनी. साठीपुढच्या लोकांचे आकडे तर वेगळे काढून पाहण्यासारखे आहेत. त्यांच्यात चालण्या-खाण्यातल्या बदलाने घट ७१ टक्के, मेटफॉर्मिनने फक्त ११. वय झालं आता काय फरक पडणार, असं म्हणणाऱ्यांत फरक सगळ्यांत जास्त पडला.

मग याच लोकांचं टीसीएफ७एल२ तपासलं गेलं. नुसती खोटी गोळी घेणाऱ्या गटात, धोक्याचा प्रकार दोन्ही पालकांकडून आलेल्यांना मधुमेह होण्याचा वेग तो प्रकार मुळीच नसलेल्यांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी जास्त होता. राहणी बदललेल्या गटात तो फरक जवळजवळ पुसला गेला. त्यांचं जनुक तेच राहिलं, त्याला जोर करायला जागा उरली नाही. हा परिणाम कायमचा नसतो हेही खरं. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यात ५८ टक्क्यांची ती घट २७ टक्क्यांवर आली होती. पण ४८व्या वर्षी येणारा मधुमेह ५८व्या वर्षी आला, तरी डोळ्यांची, मूत्रपिंडांची, पायांच्या नसांची दहा वर्षं वाचतात. तुमच्या वयाला मी त्यासाठीच भांडेन.

वजन बेताचं असलं तरी पोट सुटलंय असं तुम्ही लिहिलंय, ते मला महत्त्वाचं वाटतं. त्वचेखाली चरबी साठवायची जागा प्रत्येकाला सारखी मिळत नाही, आणि ती किती असावी यातही जनुकांचा हात असतो. कमी जागा असलेल्यांची चरबी लवकर यकृतात आणि स्वादुपिंडात उतरते. ब्रिटनमधल्या एका छोट्या अभ्यासात मधुमेह झालेले पण बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, सरासरी २४.८ असलेले २० लोक घेतले. सुमारे १० टक्के वजन उतरवल्यावर त्यांतल्या १४ जणांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या मर्यादेखाली आली. तेव्हा आरशापेक्षा कमरेच्या पट्टीवर विश्वास ठेवा. कंबर तीन-चार सेंटिमीटर कमी झाली तरी तुमच्या यकृताला ते कळेल. चालण्याबरोबर आठवड्यातून दोनदा वजनं उचलण्याचा किंवा उठाबशांसारखा व्यायाम हवाच, कारण वय ज्या स्नायूंवर हात मारतं ते नुसत्या चालण्याने भरून येत नाहीत. आणि रात्रीचं जेवण झोपेच्या आधी दोन-तीन तास उरकून टाका. रात्री मेलाटोनिन चढलेलं असताना खाल्लं तर इन्सुलिन कमी सुटतं, आणि एमटीएनआर१बीचा तो प्रकार असलेल्यांत हे जास्त ठळक दिसतं. तो तुमच्यात आहे की नाही हे न तपासताही जेवण लवकर घेता येतं.

मुलांबाबत तुम्ही विचारलं नाहीत, तरी एक नोंद करतो. वारसा जनुकांच्या अक्षरांतूनच येतो असं नाही. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, तेव्हा आईच्या पोटात असलेली बाळं पन्नाशीला पोचल्यावर तपासली गेली. ग्लुकोज पाजल्यावर त्यांची साखर इतरांपेक्षा जास्त चढत होती. त्या काळात गर्भात असलेल्यांच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा साठ वर्षांनंतरही वेगळ्या आढळल्या. आईचं गरोदरपणातलं पोषण आणि साखर हा भाग म्हणूनच हलक्याने घेऊ नये.

राहिली तुमची आई. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१८ साली प्रौढपणी झालेल्या मधुमेहाचे पाच गट पाडले, त्यांतला सगळ्यांत मोठा गट, सुमारे ३९ टक्के, सौम्य वयोजन्य मधुमेहाचा होता. ७१व्या वर्षी निघालेला मधुमेह बहुधा त्याच गटातला. तो सावकाश चालतो, त्याच्यामागे हात धुऊन लागायची गरज नसते. नुसती सीमेवरची साखर असेल तर आणखीच कमी. अमेरिकेत सरासरी ७५ वर्षांच्या लोकांचा काही वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा ५.७ ते ६.४ एचबीएवनसी असलेल्यांपैकी ९ टक्के मधुमेहात गेले आणि १३ टक्के आपोआप सामान्य मर्यादेत परतले. आईचं एचबीएवनसी तुमच्यासारखं सहाच्या खाली आणायचा हट्ट धरू नका. प्रकृती चांगली असेल तर सात-साडेसात, इतर आजार बरेच असतील तर आठपर्यंत चालतं. त्यांच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारखी सल्फोनिलयुरियाची गोळी आहे का ते मात्र आजच पाहा. या गोळ्यांचा निचरा यकृतातल्या सीवायपी२सी९ या एन्झाइममार्फत होतो आणि काही लोकांत ते जन्मतःच मंद असतं, त्यात उतारवयात मूत्रपिंडंही मंदावलेली असतात. पहाटे घाम सुटणं, जेवायला उशीर झाला की गोंधळल्यासारखं होणं, रात्री दचकून उठणं, यातलं काही होत असेल तर त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर मोजा, ७०च्या खाली असेल तर लगेच साखर द्या, आणि डोस कमी करण्यासाठी त्याच आठवड्यात त्यांच्या डॉक्टरांना भेटा.